रस्ता वर आला, घर खाली गेलं

कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की मी आधी उंबरा बघते आणि मग माणसं. माझ्या सुनेला याची फार लाज वाटते. तिच्या माहेरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा विहीणबाई दारात हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उभ्या होत्या आणि मी चप्पल काढता काढता म्हणाले, "तुमच्या गल्लीचा रस्ता फारसा झालेला दिसत नाही." विहीणबाईंना वाटलं, मुलाची आई आल्या आल्या खोड काढते आहे. मी तर कौतुक करत होते. ज्या घरात तीन-चार पायऱ्या चढून जावं लागतं, तिथला रस्ता क्वचित झालेला असतो. जिथे पायरी उरलेलीच नाही, तिथे तो पुन्हा पुन्हा झालेला असतो आणि दरवेळी आधीच्या रस्त्याच्या डोक्यावर झालेला असतो.

माझी सगळी नोकरी इंदूरच्या रस्त्यांवर गेली. महापालिकेत उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, म्हणून लागले, सहायक यंत्री म्हणून निवृत्त झाले. उड्डाणपूल, मोठे चौक, दुभाजकात झाडं लावलेले रस्ते, यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. माझ्याकडे कायम कॉलन्यांच्या आतल्या गल्ल्या. मोठ्या रस्त्याचं काम करणाऱ्या साहेबांचे फोटो छापून येत. गल्लीचं काम करणाऱ्या बाईला फार तर कोणी तरी चहा पाजत असे, तोही "मॅडमजी, हमारे गेट के सामने थोड़ा ढाल देख लेना" असं म्हणून.

बाहेरच्या माणसाला वाटतं की रस्ता खराब झाला, कोणी साहेबाने गाडीतून जाता जाता पाहिलं आणि नवा करायला सांगितला. तसं नसतं. मोठ्या रस्त्याला वरून योजना येते, तिला नाव असतं, पाटी असते, नारळ फुटतो. गल्लीला वाली नसतो. गल्लीचे पैसे इकडून तिकडून गोळा करावे लागतात. थोडे घरपट्टीतून, थोडे पार्षदाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाच्या निधीतून, निवडणूक जवळ असली तर आमदारांच्या निधीतून. यातलं काहीच हाताला लागलं नाही की जनभागीदारी. म्हणजे खर्चाचा ठरलेला वाटा गल्लीतल्या लोकांनी भरायचा आणि बाकीचा शहराने. लोकांचा वाटा पूर्ण जमा झाला की मगच काम हलणार. एका जरी घराने हात वर केले तर बाकीच्यांनी ते सोसायचं, नाही तर पुढच्या कॉलनीचा नंबर लागणार.

कल्पना चांगली होती, हे मी अजूनही म्हणते. स्वतःचा पैसा लागलेला रस्ता लोक स्वतःचा मानतात. ठेकेदाराने सिमेंटात हात आखडला तर बायका पदर खोचून उभ्या राहत. पण त्याच हक्काने काय काय सहन करावं लागे, ते माझं मला ठाऊक. एका गृहस्थांनी भांडून घरासमोर स्पीड ब्रेकर करून घेतला. थोड्याच दिवसांत त्यांचा अर्ज आला, की गाड्या घरासमोर हळू होतात आणि लोक खिडकीतून आत बघतात, तरी तो काढावा. दुसऱ्या एका गल्लीत काँक्रीट पुरतं वाळलं नाही तोच गणपतीच्या मांडवासाठी पोरांनी पहारीने खड्डे पाडले. मी संतापले, तर मंडळाचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मॅडमजी, बाप्पा हवेत कसे बसतील?" त्यानंतर मी जिथे जिथे मांडव पडतो तिथे ओल्या काँक्रीटमध्येच लोखंडी नळीचे तुकडे गाडून घ्यायला लागले, वर झाकण. सणाला झाकण काढा, बांबू उभा करा. आमचे साहेब आधी हसले आणि मग गुपचूप तीच युक्ती दुसऱ्या झोनमध्ये सांगून आले. नोकरीतलं माझं संशोधन म्हणाल तर एवढंच.

हे सांगायला मजा येते, म्हणून मी ते आधी सांगून घेतलं. खरं तर लिहायला बसले आहे ते मुळेकाकांबद्दल.

खजरान्याच्या अलीकडे एक जुनी कॉलनी आहे. गिरणीतले कारकून, शाळामास्तर, रेल्वेतले लोक यांनी पै पै साठवून तिथे प्लॉट घेतले होते. मुळेकाकांचं घर गल्लीतल्या सगळ्यात जुन्या घरांपैकी आणि गल्लीच्या उताराच्या टोकाला. काका सांवेर रोडच्या एका कारखान्यात वाइंडर होते. मोटर जळली की तिच्यातली तांब्याची तार काढून नवी तार गुंडाळायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीतच त्यांनी ते सुरू केलं. पाण्याच्या मोटारी, कूलरच्या मोटारी, कोणाच्या पिठाच्या चक्कीची मोटर. लोक गाडीवर घालून आणत आणि थेट उंबऱ्यावर उतरवत. पेन्शन नावापुरती होती, घर त्या खोलीवर चालायचं.

त्या गल्लीत डांबर उखडून मुरूम वर आला होता. लोक कित्येक वर्षं अर्ज करत होते. शेवटी जनभागीदारीत काँक्रीट करायचं ठरलं आणि वर्गणी गोळा करायचं काम मुळेकाकांकडे आलं, कारण त्यांना नाही म्हणणं कोणालाच जमत नसे. त्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. नोकरदारांकडे ते पगार झाल्यावर लगेच जात, दुकानदारांकडे सकाळची बोहनी झाल्यावर आणि सूनबाईंचं राज्य असलेल्या घरात सासूबाई देवळात गेल्यावर. "ताई, पैसा मांगायचा नसतो," ते मला म्हणाले होते, "रस्त्याची बात करायची. पैसा आपोआप येतो."

मी एस्टिमेट करायला गेले. लेव्हल घ्यायची म्हणजे दुर्बिणीसारखं एक यंत्र तिपाईवर लावायचं, पुढे माणूस पट्टी धरून उभा करायचा आणि जमीन कुठे किती उंच आहे ते काढायचं. लोकांना आकडे सांगून कळत नाहीत, म्हणून मी नवा रस्ता जिथपर्यंत येणार तिथे प्रत्येक घराच्या जोत्यावर लाल रंगाची रेघ मारून घेत असे. बहुतेक घरं नव्याने बांधलेली, जोती उंच, रेघ कुठे तरी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पडली. मुळेकाकांकडे पूर्वी तीन पायऱ्या होत्या. दोन आधीच्या डांबरांनी गिळल्या होत्या. आमचा माणूस ब्रश घेऊन गेला आणि थांबला. रेघ जोत्यावर बसेना. ती उंबऱ्याच्या वर, दाराच्या फळीवर आली.

यावर उपाय साधा होता. जुना रस्ता आधी खोदून काढायचा, मलबा उचलून न्यायचा आणि नवा रस्ता मूळ पातळीवर करायचा. पण खोदाईचा खर्च वाढतो, मलबा वाहून नेण्याचा वाढतो आणि त्या हिशेबाने प्रत्येक घराचा वाटाही वाढतो. रस्त्याचं सगळं अर्थशास्त्र शेवटी इथे येऊन बसतं. वर थर टाकणं स्वस्त, खाली जाणं महाग. आणि जो थर वर टाकतो, त्याला घरात शिरलेल्या पाण्याचा खर्च कधी दाखवावा लागत नाही. एस्टिमेटमध्ये तो रकाना नसतोच.

संध्याकाळी गल्लीतच सतरंजी घालून बैठक झाली. मी दोन्ही हिशेब सांगितले. खोदाई धरून येणारा वाटा ऐकल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. समोरच्या बाजूचे राठौरजी, ज्यांचं नवं घर गल्लीत सगळ्यात उंच, ते हसून म्हणाले, "अरे मॅडमजी, दुनिया ऊपर जा रही है, आप नीचे ले जा रहे हो." लोक हसले. कोपऱ्यातल्या दोन-तीन घरांनी स्पष्टच सांगितलं, की वाटा एवढा वाढला तर आम्हाला झेपणार नाही, आमचं नाव काढा. त्यांची नावं काढली म्हणजे रस्ताच गेला, हे तिथे सगळ्यांना कळत होतं.

मग मुळेकाका उठले. "खोदू नका," ते म्हणाले. "चालेल तसंच करा. माझा एकट्याचाच सवाल आहे ना? मी उंबरा उचलून घेतो."

टाळ्या पडल्या. हे मला आजही आठवलं की अंगावर येतं. लोक वाईट नव्हते. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. टाळ्यांच्या मागे, दारात उभ्या असलेल्या मुळेकाकू म्हणाल्या, "उंबरा उचलाल हो, पण पुढच्या खोलीचं काय करणार? खोली कोण उचलणार?" त्यांचं बोलणं फक्त मला आणि काकांना ऐकू आलं. काकांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

मी खोदाईशिवाय एस्टिमेट पुढे पाठवायचं नाही असं ठरवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी काका झोन ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले. "ताई, माझ्यामुळे गल्ली अटकली, असं नको व्हायला. मी घरोघर जाऊन मांगून आणलंय. त्या वरच्या टोकाच्या घरातल्या बाईंनी बांगडी मोडली आपल्या हिश्श्यासाठी. आता मी कोणत्या तोंडाने परत जाऊ आणि सांगू, की मेरे घर के वास्ते और दो?"

मी त्यांना समजावलं. पाणी उताराने तुमच्याकडेच येईल, मोटारी भिजतील, हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते आणि शेवटी तेच म्हणत होते. ज्याचं घर बुडणार तोच हात जोडून "बुडू दे" म्हणत असेल तर त्याच्याशी कसं भांडायचं, हे आम्हाला कोणत्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. पाणी काढून द्यायला त्यांच्या भिंतीलगत एक नाली मी हट्टाने धरली आणि एस्टिमेट गेलं.

रस्ता सुंदर झाला. पोरांनी त्यावर क्रिकेट सुरू केलं, राठौरजींनी गाडी धुतली आणि पेढे वाटले. नालीवर मात्र वर्षाच्या आत एकाने मोटारसायकल चढवायला फरशी टाकली, दुसऱ्याने तुळशीचं वृंदावन ठेवलं, आणि ती नावाला उरली. पावसाळ्यात एका दुपारी सगळ्या गल्लीचं पाणी काकांच्या पुढच्या खोलीत जाऊन बसलं. गुंडाळून तयार ठेवलेल्या मोटारी गेल्या. त्या लोकांच्या होत्या, त्यामुळे काकांनी त्या पुन्हा स्वतःच्या तारेने गुंडाळून दिल्या.

त्यांनी दारात विटांची पाळ बांधली. आता घरात जायला पाळ चढायची आणि आत उतरायचं. पण जड मोटर घेऊन पाळ कोण चढणार? लोक दुसरीकडे जायला लागले. मग काकांनी खोलीत मुरूम आणि विटांचे तुकडे भरून जमीनच वर घेतली. मध्ये पाण्याच्या नव्या लाइनसाठी रस्ता खोदला गेला, कोणाच्या तरी निधीतून त्यावर आणखी एक थर पडला आणि काकांनी पुन्हा भर घातली. जमीन वर येते, पण छत आणि दाराची वरची पट्टी जागेवरच राहते. काका गल्लीत सगळ्यात उंच. आधी त्यांनी पंखा काढला, कारण हात वर केला तर पात्याला लागत होता. मग दारातून वाकून जायला लागले. शेवटी शेवटी खोलीतही मान तिरकी ठेवून हिंडत.

स्वयंपाकघर मात्र काकूंनी भरू दिलं नाही. जमीन वर घेतली असती तर ओटा गुडघ्यापाशी आला असता आणि नवा ओटा घालायला हातात काही नव्हतं. त्यामुळे स्वयंपाकघर तसंच खाली राहिलं आणि बाहेरच्या खोलीतून तिथे पायऱ्या उतरून जावं लागे. कधी त्या बाजूला काम निघालं की मी डोकावत असे. काकू गुडघ्यावर हात देत देत चहा घेऊन वर येत आणि म्हणत, "तुमच्या रस्त्याने आमच्या घराचा किल्ला केला हो, ताई." त्या हसत म्हणत. मला हसायला येत नसे. एकदा मी म्हणाले, "काकू, मला नका देऊ चहा, चढू नका." तर म्हणाल्या, "चढायचं बंद केलं तर पाय पण बंद होतील." मोटारीचं काम तोवर संपलंच होतं. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, काकू गेल्या.

माझ्या नोकरीच्या अखेरीला त्या भागात नवी ड्रेनेज लाइन टाकायची योजना आली. वरून आली होती, पूर्ण पैसा योजनेचा, लोकांकडून काही मागायचं नव्हतं. गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोदावीच लागणार होती. मी एस्टिमेटमध्ये लिहिलं, की सगळे जुने थर काढून रस्ता कॉलनीच्या मूळ पातळीवर आणावा. कोणीतरी हरकत घेणार म्हणून मी चांगली तयारी करून गेले होते. नवे साहेब वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हां मॅडम, खोद ही रहे हैं तो लेव्हल भी ठीक कर लेते हैं." आणि सही केली. चहा यायच्या आत झालं. मी खुर्चीतून उठेना, म्हणून त्यांनी विचारलं, "और कुछ?" मी नाही म्हणाले. मला रडू येत होतं, हे त्यांना कसं सांगणार? जी गोष्ट टाळायला एका गल्लीने एका माणसाचं घर दिलं होतं, ती इतकी सोपी होती. पैशाचं खातं तेवढं वेगळं होतं.

रस्ता खाली आला. राठौरजी पहिल्याच दिवशी तणतणत आले. त्यांच्या गेटचा उतार आता हवेत संपत होता, गाडी चढेना. "मॅडमजी, ये क्या कर दिया, घर मेरा पहाड़ पे आ गया." मी म्हणाले, "दुनिया ऊपर जा रही है ना, भाईसाहब." ते पुन्हा गेटकडेच बोट दाखवायला लागले. त्यांना आपलं बोलणं आठवत नव्हतं. मला ते म्हणून फार बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर एके दिवशी काकांचा फोन आला. त्यांच्या मुलाने पुण्याहून येऊन घरातली सगळी भर काढून घेतली होती. मुरूम निघाला, विटा निघाल्या आणि खाली जुन्या फरश्या जशाच्या तशा सापडल्या. पंखा परत लागला. "ताई, चहाला या," काका म्हणाले, "घर बघून जा एकदा."

मी गेले. रस्त्यापासून घरापर्यंत पुन्हा तीन पायऱ्या झाल्या होत्या. काका बाहेर खुर्ची टाकून वाट बघत बसले होते. खूश होते. मला हाताने एकेक पायरी दाखवली, जशी काही मी त्या पहिल्यांदाच बघत होते. "चला, आत चला," म्हणत ते पुढे झाले. पायऱ्या चढले. दार आता पूर्वीसारखं उंच होतं, त्यांच्या डोक्यावरून हातभर जागा राहिली असती. पण दाराशी आल्यावर त्यांनी मान खाली घातली, पाठ वाकवली आणि खांदा तिरका करून ते आत शिरले.

"काका," मी म्हणाले, "आता वाकायला नको."

"माहीत आहे हो, ताई," ते आतून म्हणाले. "रोज ठरवतो, आज सीधा जाईन म्हणून. पण दार आलं की अंग आपणहून खाली जातं. आता या उमरीत त्याला कोण समजवणार?"

खोलीत पंखा फिरत होता. काका त्याच्याखालून वाकूनच पलीकडे गेले, स्वयंपाकघरात चहा ठेवायला. आता त्या वाटेवर पायरी नव्हती, तरी त्यांनी पाय चाचपत खाली टाकला. मी दारातून ताठ चालत आत आले आणि मला त्या ताठ चालण्याची लाज वाटली.